फळी भरली

"फळी भरली का गं, पोरी?"

गुरुबसप्पा अण्णांचा आवाज. मूळचा उदगीरचा, शब्दाच्या शेवटाला कानडी हेल घेऊन वर जाणारा, तोंडातल्या पानानं जड झालेला. अण्णांना जाऊन दहा वर्षं झाली, पण आवाजानं आपली जागा सोडली नव्हती. लातूरला तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात, दहा दिवसांनी नळाला आलेलं पाणी पिंपात पडायला लागलं की त्या धारेच्या आत तो बसलेला असे. तनुजा पिंपाच्या काठावर हात ठेवून उभी राही आणि तिचेच एकोणीस वर्षांचे ओठ उत्तर देत : भरली, अण्णा. एवढंच. बावीस वर्षांपूर्वी बोललेला एक शब्द, आणि तो खरा नव्हता.

त्या गुरुवारीही ती अशीच पिंपापाशी उभी होती. फोन वाजला तेव्हा पाणी गळ्यापर्यंत आलं होतं.

"ताई, वळखलं का? रामकिशन. नांदेडहून बोलून राहिलो. बोटीवाला."

"बोला ना, रामकिशनदादा."

"औंदा पानी लई उतरलंय. पल्याड लव्हाळ्यापातुर निस्ता गाळ उघडा पडलाय. काल तिथं पाय रुतला तर खाली कायतरी टोचलं. बिल्ला हाय, ताई." मागं कुठंतरी टिटवी ओरडत होती. "नऊ नंबरचा."

पिंप भरलं. पाणी काठावरून उतरून फरशीवर आलं, तिच्या पायांच्या बोटांमधून वाट काढत उंबऱ्याकडं निघालं, आणि ज्या शहरात माणसं भांडी धुतलेलं पाणी झाडाला घालतात त्या शहरात तनुजा ते वाहताना पाहत राहिली.

"अजून कोनाला दावला न्हाई," रामकिशन म्हणाला. "रविवारी हंगामाची शेवटची शर्यत हाय. तुमी या."

नांदेडला गोदावरी अडवलेली आहे तिथं मैलभर रुंद पाणी साचतं. दिवाळीनंतर वारा धरला की मंडळाच्या शिडाच्या बोटी त्या पाण्यात उतरतात आणि चैत्राच्या तोंडाला, पाणी खाली गेलं की, काठावर उलट्या घालून ठेवतात. माणसी एक बोट, बोटीला एक नंबर. काठावरच्या शेडला लाकडी फळी, फळीवर बारा खिळे, खिळ्यांना पितळी बिल्ले. पाण्यावर जाताना आपला बिल्ला काढून गळ्यात घालायचा, परत आल्यावर आपल्याच हातानं खिळ्याला अडकवायचा. दुसऱ्यानं दुसऱ्याचा बिल्ला लावायचा नाही. ही मंडळ चालवणाऱ्या अण्णांची शिस्त. फळीवर रिकामा खिळा दिसला की पाण्यावर माणूस आहे, एवढं साधं. आणि शेवटच्या शर्यतीच्या दिवशी तर फळी भरल्याशिवाय पंगतीत पान वाढायचं नाही, मग पाहुणा कितीही मोठा असो. बावीस वर्षांपूर्वी फळी सांभाळायला तनुजा होती. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. आणि तिला तिथं आणून बसवणारा आनंदराज, तिच्याच गल्लीतला, सरजामावशीचा एकुलता एक. साहेबांच्या आणि डॉक्टरांच्या पोरांच्या त्या मंडळात आमच्या गल्लीतलं पहिलं शीड त्याचं, असं गल्ली सांगायची. तनुजाची आई मिलमध्ये रात्रपाळीला असायची, म्हणून तनुजाची भाकर सरजामावशीच्या तव्यावर. मावशी आनंदराजला ओरडायची त्याच तोंडानं तिलाही ओरडायची, आणि दोघांना एकाच ताटात वाढायची.

त्या दिवशी शर्यत अर्ध्यावर असताना पश्चिमेकडून धुळीचा लोट आला. पाणी आधी पिवळं झालं, मग दिसेनासंच झालं. बोटी मिळेल त्या काठाला लागल्या, पोरं हसत, खोकत, भिजलेली, एकेक करून फळीपाशी येऊन गेली. अकरा बिल्ले लागले. नऊचा खिळा रिकामा. तनुजाला बाभळींच्या मागं, खालच्या उताराशी, एक पांढरं शीड उतरताना दिसलं होतं. दिसलं होतंच. आनंदराज नेहमी त्याच उताराला लागायचा आणि बिल्ला गळ्यात तसाच ठेवून थेट चुलीपाशी जाऊन आमटीची चव घ्यायचा, हे सगळ्या मंडळाला ठाऊक होतं. पाहुणे तासभर ताटकळलेले. येसर आमटीचा वास धुळीत मिसळून राहिलेला. पोरं पत्रावळ्या वाजवत होती. "ए फळीवाली, भूक मारून टाकतीस का?" कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले, तीही हसली. टेबलाच्या खणात पत्र्याच्या डबीत जादा बिल्ल्यांचा संच होता, हरवले तर म्हणून ठेवलेला. किल्ली तिच्याकडं. नऊ नंबर काढायला, अडकवायला दोन श्वास लागले. येईलच की तो, चिडवू त्याला, असं काहीतरी मनात. मग अण्णा आले, चष्मा वर केला, विचारलं. आणि तिनं उत्तर दिलं.

दीड तासानं, बुंदी वाढताना, कुणीतरी म्हणालं, आनंद्या कुठंय रे?

दुसऱ्या दिवशी सकाळी लव्हाळ्यात बोट उलटी सापडली. तिसऱ्या दिवशी तो. आणि फळी सांगत होती की तो सुखरूप परत आला होता. पोलिसांच्या कागदावर तेच गेलं, गल्लीच्या तोंडात तेच बसलं : पोरगं काठाला आलं, आपल्या हातानं बिल्ला लावला, आणि कुणाला न सांगता परत पाण्यावर गेलं. का गेलं, हे फक्त सरजामावशीला माहीत होतं. सकाळी दोघांची कडाक्याची जुंपली होती. भरतीची परीक्षा सोडून तो शर्यतीला निघाला म्हणून. आणि उंबऱ्यावर उभं राहून ती म्हणाली होती, जा, पाण्यावरच राहा, घरी येऊ नको. तनुजानं ते आपल्या दारातून ऐकलं होतं. तेराव्या दिवसाच्या वगैरे भानगडी त्यांच्यात नव्हत्या, बुद्धवंदना झाली, माणसं उठून गेली, आणि मावशी भिंतीला टेकून एवढंच म्हणाली, "ऐकलं की गं त्यानं माझं. कधी ऐकायचा न्हाई. तेवढं ऐकलं."

तेव्हा सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं. मग कुणीतरी चहा आणला.

मग नोकरी लागली, भूजल खात्यात. विहिरींच्या पाण्याची खोली मोजायची. रेणापूरकडच्या, औशाकडच्या, पार निलंग्यापर्यंतच्या विहिरी. दोरी सोडायची, ओल कुठवर आली ते पाहायचं, आकडा लिहायचा. तिनं लातूर मागून घेतलं तेव्हा साहेब हसले होते. "अहो, तिथं पाणी नाही म्हणून लोक बदली मागतात, आणि तुम्ही?" विहिरीत वाकून पाहिलं की खाली आभाळाचा एक वाटोळा तुकडा आणि त्यात आपलं डोकं. तेवढंच पाणी तिला सोसत होतं. तेवढ्यात शीड मावत नाही.

रविवारी ती पहाटेच्या बसनं निघाली. लोह्याच्या पुढं ऊन चढलं, खिडकीतून तापलेल्या कडब्याचा वास आला. शेजारची बाई विचारत होती, नांदेडला कोन हाय तुमचं? तनुजा म्हणाली, मावशी हाय. आणि तोंड खिडकीकडं फिरवलं, कारण गेल्या बावीस वर्षांत ती मावशीकडं चारदाच गेली होती आणि चारही वेळा चपला न काढता दारातूनच परतली होती.

पाणी खरंच मागं गेलं होतं. ती जिथं बसायची त्या शेडपासून काठ आता शंभर पावलं लांब, आणि मधल्या गाळाला भेगा पडून त्याच्या वीतभर फरशा झालेल्या. त्यांतून तुटका दोर, शिंपले, एका चपलेचा तळ. उलट्या घालायच्या बोटींसाठी लाकडाचे ओंडके मांडून तयार होते. मंडळाचा नवा अध्यक्ष आदर्श, तिशीतला, डोळ्यांवर काळा चष्मा, धावत आला.

"ताई! लातूरकर! पाणी बघून डोळे दिपले का न्हाई?"

"दिपले."

"एक बादली भरून देतो जाताना. फळीवर आज तुमीच बसायचं बरं का. जुन्या लोकांचा मान." मग आवाज खाली आणून, "सरजाआजी आल्यात. दरसाली शिट्टी त्याच मारतात. त्यांच्या हातची शिट्टी झाल्याशिवाय आमची शर्यत सुरू होत न्हाई."

मावशी पाण्याच्या अगदी काठाला, लोखंडी खुर्चीवर. पांढरी साडी, पाय गाळात, पाठ माणसांकडं. तनुजा लांबूनच थांबली. मावशीची मान जरा वळली तेव्हा गळ्यात काळ्या दोऱ्यात काहीतरी पिवळं चमकलं.

रामकिशन शेडच्या मागं भेटला. केस पार पांढरे झालेले, हात तेच, दोरानं सोललेले. त्यानं रुमालाची गाठ सोडली. बिल्ला हिरवा पडला होता, एका कडेला गाळ धरून होता, पण नऊ वाचता येत होता. दोऱ्याचं भोक ताणून फाटलेलं. तनुजानं तो हातात घेतला. थंड होता, चैत्रातल्या दुपारी, रामकिशनच्या खिशातून निघूनही, विहिरीच्या तळासारखा थंड.

"तवा फळीवरचा नऊ म्याच काढला होता," रामकिशन पाण्याकडं बघत म्हणाला. "सरजाबाईच्या हातात देला. लेकाचा शेवटचा हात लागलेली वस्तू म्हनून. गळ्यात हाय तिच्या. रोज रातच्याला कपाळाला लावून झोपते म्हनं. मग ताई, ह्यो कुठला?"

तिला वाटलं आता तो तिच्याकडं बघेल. त्यानं बघितलं नाही. दया करणारी माणसं बघत नाहीत, हे तिला तेव्हा कळलं.

"मधी अजून दोन पुरुष पानी हाय," तो म्हणाला. "तुमी म्हनत असाल तर टाकून येतो. फिरून घावनार न्हाई कुनाला. म्हातारीचं बी काय वाईट चाललंय? गळ्यात लेकरू घालून बसलीय. ते काढून घ्यावं का, न्हाई काढावं, मला अडान्याला काय कळतंय. म्हनून तुमाला बोलावलं."

त्यानं तळवा पुढं केला. तनुजानं बिल्ला मुठीत आवळला, आणि फळीपाशी जाऊन बसली.

नऊ नंबर मंडळानं बंद केला होता. आठनंतर दहा. फळीवर नऊच्या खिळ्याच्या जागी नुसतं भोक. अकरा पोरं आली, त्यांत चार मुली, अकरा बिल्ले निघाले. मावशीनं शिट्टी मारली. बारीक, न थांबणारी, श्वास संपेपर्यंत. शिडं फुगली आणि निघाली. पाण्यावर तरंगणाऱ्या पहिल्या बोयाला वळसा घालेपर्यंत सगळं ठीक होतं. मग वारा पडला. कमी झाला असं नाही, कुणी दार लावून घ्यावं तसा पडला. चुलीचा धूर सरळ उभा राहिला. झेंडा काठीला चिकटला. पाण्यावर शिडं जिथल्या तिथं, दोरीवर वाळत घातलेल्या धुण्यासारखी, आणि प्रत्येकाच्या खाली त्याचं उलटं शीड. पोरं एकमेकांना हाका मारत होती, त्या हाका पाण्यावरून सरपटत काठापर्यंत येत, शब्द गळून गेलेले, नुसते सूर.

तनुजानं मोजलं. सवय. विहिरी मोजून मोजून डोळ्यांना लागलेली. बारा.

पुन्हा मोजलं. डावीकडून. मग उजवीकडून. मग उलटी शिडं मोजली; ती अकरा भरली. वरची बारा. सगळ्यांत पलीकडचं, लव्हाळ्याच्या बाजूचं, थोडं मळकट होतं, धुळीतून पाहावं तसं, आणि त्याच्यावर नंबर नव्हता. बाकीची उभी होती. ते चाललं होतं. वारा नसताना, घाई नसताना, काठाला समांतर, आत न येता.

"आदर्श, किती बोटी आहेत रे पाण्यावर?"

"अकरा, ताई. का?"

"मोज बरं."

त्यानं काळा चष्मा कपाळावर चढवला, बोटानं मोजलं. "अकरा. ऊन लागलं का तुमाला? ताक सांगू?"

तिनं मान हलवली. मुठीतला बिल्ला तसाच थंड होता. तिला वाटलं, माझ्या डोळ्यांना मी एकदा नसलेलं शीड दाखवलं होतं, बाभळीमागचं. ते परटाचं चादर-धोतर असेल, बगळ्यांचा थवा असेल, भूक असेल. तेव्हा डोळ्यांनी ऐकलं, नसलेलं दाखवलं. आता ते उसनं फेडतायत? की तेव्हाच ते खरं होतं आणि काठाला लागू पाहत होतं, आणि मी फळी भरून टाकली म्हणून त्याला जागाच उरली नाही? बावीस वर्षं एक माणूस काठाला समांतर फिरतोय, कारण कागदावर तो उतरलेला आहे. उतरलेल्या माणसाला पुन्हा कसं उतरवून घेणार?

शेवटी पोरांनी वल्ही काढली. हसत, शिव्या देत, घामाघूम, एकेक बोट काठाला लागली. कोण जिंकलं यावरून गाळातच वाद सुरू झाला. एका मुलीनं बिल्ला लावताना तनुजाला विचारलं, "आँटी, दोन नंबरवाली हरली तरी बुंदी मिळते ना?" आठ लागला. दहा लागला. शेवटी पाच. सूर्य पलीकडच्या काठाला टेकला होता आणि पाण्याचा रंग आमटीसारखा झालेला. पंगत बसली, दोन रांगा, समोर पत्रावळ्या. आदर्श हातात भाकरीची दुरडी घेऊन ओरडला, "ताई, फळी भरली? वाढू का?"

तिनं पाण्याकडं पाहिलं. ते अजून होतं.

"न्हाई," ती म्हणाली.

पंगत हसली. "अकरा झाले की, ताई!" "लातूरला गिनती येगळी हाय का?" एका दांडग्या पोरानं पत्रावळीवर बोटांनी ठेका धरला, दुसऱ्यानं साथ दिली. तोच आवाज. पानांवर बोटांचा. तनुजा उठली. तिच्या पायांना शंभर पावलं लागली. भेगांतून खालची ओल वर येत होती, चपला रुतल्या, तशाच सोडून ती अनवाणी गेली. मागं आदर्श काहीतरी बोलत होता आणि रामकिशन त्याला म्हणत होता, "थांब बापू, जरा थांबव."

सरजामावशी गुणगुणत होती. आवाज इतका बारीक की पाण्याच्या कडेवरच्या फेसातून येतोय वाटावं.

गंगाबाईचं गं पानी, गेलं उतरून लांब
दिसेना पाऊल राजाचं, हाक मारते मी थांब

"मावशी."

"कोन? तनू?" तिनं मान वळवली नाही. "आलीस व्हय. बस. पाय गार होतेत इथं."

तनुजा खुर्चीशेजारी गाळात बसली. मावशीचं बोट गळ्यातल्या बिल्ल्यावरून फिरत होतं, बावीस वर्षं फिरून त्यावरचा नऊ जवळजवळ पुसला गेला होता. चकचकीत, गुळगुळीत, ऊबदार असणार.

"तिकडं काय कालवा चाललाय?"

"फळी भरली का विचारतात."

"मग?"

"भरली न्हाई म्हणले."

मावशीनं हनुवटीनं पाण्याकडं खूण केली, लव्हाळ्याच्या बाजूला, जिथं मळकट पांढरं काहीतरी उजेडाच्या शेवटच्या पट्टीवर हळूहळू सरकत होतं.

"तुला बी दिसून राहिलंय म्हन की," ती म्हणाली. आवाजात नवल नव्हतं. इतक्या दिवसांनी गल्लीतलं कुणी भेटावं तेवढंच होतं. "मला दरसाली दिसतं. कोनाला सांगत न्हाई, म्हातारी चळली म्हनतेल. मी बसते हितं, ते फिरतं तिथं. हात करते. ये म्हनते. येत न्हाई गं काठाला. कसं यावं? एकदा आलंच होतं की. बिल्ला लावला, घराकडं बघितलं असंल, आन् आईचं बोलनं ध्यानात आलं असंल. माघारी फिरलं. म्याच म्हनले होते ना, घरी येऊ नको."

पाठीमागं पत्रावळ्यांचा ठेका वाढत चालला होता. रामकिशन म्हणाला ते खरंच होतं, मावशीच्या गळ्यातलं लेकरू काढून घ्यावं लागणार होतं. आणि त्याच्याखाली काय निघेल, आईचा तळतळाट की नुसता उघडा गळा, हे कुणालाही माहीत नव्हतं. तिनं मावशीचा बिल्ल्यावरचा हात धरला. तो खरखरीत होता, भाकरी थापून सपाट झालेला, आणि त्यानं तिच्या हाताला ओळखल्यासारखं वेढलं. ती खुर्चीच्या समोर आली, पाण्याकडं पाठ करून, म्हणजे मावशीला आता फक्त तिचं तोंड दिसावं.

"मावशी, तुमच्या बोलण्यानं तो माघारी गेला न्हाई. तो त्या दिवशी काठाला आलाच नव्हता. तो पाण्यातच होता, अन् हा बिल्ला त्याच्या हातचा न्हाई, मावशी. हा मी लावला. मला भूक लागली होती."